अकरा लॉकपिक मोडले, पेटीत निघाला लोखंडी खंजीर

दिंडीदरवाजा

शनिवारी रात्री धो धो पाऊस, लाईट दोनदा जाऊन आलेली, बायको माहेरी (चिंचवडला. लांब नाही, पण अशा पावसात सदाशिव पेठेतून चिंचवड म्हणजे परदेशच). एवढा मुहूर्त साधून स्कायरिम पुन्हा लावला. २०११ सालचा गेम, मी चौथ्यांदा खेळतोय, तेव्हा कथेबद्दल कृपया विचारू नका. या खेपेला तलवारीला हात लावायचा नाही, निव्वळ चोर व्हायचं असं ठरवलं होतं.

एका थडग्याच्या पार तळाशी तीन ड्रॉगर (थडग्यात पहारा देणारी जिवंत प्रेतं) चुकवून पोचलो तर समोर मास्टर, म्हणजे सगळ्यात अवघड, कुलपाची पेटी. माझं लॉकपिकिंग (कुलूप उघडायचं कौशल्य) तेव्हा १०० पैकी ३२. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पडद्यावर कुलूप मोठं होऊन येतं. लॉकपिक, म्हणजे कुलूप उघडायची तार, डावी-उजवीकडे सरकवून एक जागा धरायची आणि कुलूप हलकेच वळवायचं. जागा बरोबर असेल तर ते पूर्ण फिरतं. जवळपास असेल तर थोडं फिरून अडतं आणि थरथरायला लागतं. तेव्हाच हात सोडायचा, नाहीतर कट्ट. मास्टर कुलपात ती बरोबर जागा केसाएवढी असते.

अकरा मोडले. बाराव्याने उघडली. आत २९ सोन्याची नाणी, किरकोळ औषधाची एक बाटली आणि लोखंडी खंजीर. तोच खंजीर, जो पहिल्या अर्ध्या तासात मेलेल्या कुठल्याही डाकूच्या कमरेला सापडतो. आणि त्याच थडग्याच्या तोंडाशी एका उघड्या पेटीत मला मंतरलेली ढाल मिळाली होती!

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

माझं म्हणणं असं की कुलूप हा गेम बनवणाऱ्याने दिलेला शब्द असतो. 'इथे कोणीतरी काहीतरी जपून ठेवलंय' एवढं तो न बोलता सांगतो. आपल्याकडेही कडीकोयंडा कशाला लावतात? तुरीच्या डाळीच्या डब्याला कुणी कुलूप घालत नाही. स्कायरिममध्ये हा शब्द पाळला जात नाही, कारण कुलपाचा दर्जा एका बाजूला ठरतो आणि आतला माल दुसरीकडे, खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे बदलणाऱ्या याद्यांतून येतो. दोघांची गाठ पडलेलीच नसते.

त्यात वर त्या लॉकपिकिंगच्या झाडावर ११ पर्क (लेव्हल वाढली की गुण खर्चून घ्यायच्या खास सवलती). ६० ला 'गोल्डन टच' घ्या, पेट्यांत जास्त सोनं मिळेल. ७० ला 'ट्रेझर हंटर' घ्या, खास वस्तू सापडायची शक्यता वाढेल. म्हणजे पेट्यांत काही दम नाही हे गेमलाच मान्य आहे, आणि तो सुधारून घ्यायचे पैसे मी भरायचे!

कुठल्या गेमने हे नीट जमवलंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तूपभात

एक लॉकपिक २ सेप्टिमचा (सेप्टिम म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं). ११ मोडले म्हणजे २२ गेले. मिळाले २९. सात रुपये फायदा, वर खंजीर फुकट. रडताय कशाला?

दिंडीदरवाजा

तूपभात, तुम्ही आमच्या सोसायटीचे खजिनदार तर नाही ना?

गॉथिकवेडा

रुमाल टाकून ठेवणार होतो, पण राहवलं नाही.

गॉथिक, २००१, जर्मन मंडळींचा. त्यात कुलपाचं चित्रबित्र काही नाही. पेटीपुढे बसायचं आणि डावी-उजवी बाण दाबायचे. प्रत्येक पेटीचा क्रम ठरलेला: डावी, उजवी, उजवी, डावी, असा. चुकलात की पहिल्यापासून, आणि लॉकपिक मोडला तर तोही गेला. सुरुवातीला खिशात असतात दोन-तीन, त्यामुळे घाम फुटायचा.

पण मुद्दा आतल्या मालाचा. तिथल्या पेट्या कुणीतरी हाताने भरल्यात. लोहाराच्या पेटीत लोहाराचं, व्यापाऱ्याच्या पेटीत व्यापाऱ्याचं. अजून आपल्याला पेलणार नाही अशी वस्तू पहिल्याच दिवशी मिळू शकते आणि गेम तोंडातून ब्र काढत नाही. लेव्हल बघून माल पातळ करायचा प्रकारच नाही.

तेव्हा मी कर्वे रोडला एका सायबर कॅफेत खेळायचो. शंभर पानी वहीत 'जुनी छावणी, दुसरी झोपडी, डा-उ-उ-डा-डा' असं लिहून ठेवलेलं. तिघे मित्र ती वही आळीपाळीने घरी न्यायचो. एकाच्या आईने ती कवायतीची वही समजून शाळेच्या दप्तरात घातली. सरांनी उघडली आणि विचारलं, "हे संचलन कुठल्या शाळेचं?"

फासेकरीण

धागा आवडला, पण दिंडीदरवाजा, तुम्ही भांडताय ते पेटीशी. भांडण घड्याळाशी हवं होतं.

मी कॉम्प्युटरवर फार खेळत नाही. दर रविवारी आमच्याकडे पाच जण जमतात, मी डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा साहसाचा खेळ) चालवते. तेव्हा थोडा इतिहास. त्यात चोर हा वर्ग आला १९७५ मध्ये, आणि कुलूप उघडायची शक्यता टक्क्यांत मांडलेली असायची. नंतरच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत नियम होता की एका कुलपावर एकदाच प्रयत्न. फसला तर पुढची लेव्हल मिळेपर्यंत त्या कुलपाला हात लावायचा नाही. आणि त्या काळी खजिना बाहेर काढून आणला की एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभव-गुण मिळायचा. म्हणजे माल हीच प्रगती! पेटी उघडली नाही तर चोर मोठाच होत नसे. 'कुलूप अवघड पण आत किरकोळ' ही तक्रार त्या टेबलावर कोणी करेलच कसं? तो थेट पगार होता.

पुढे सोन्याचे गुण गेले, चोराचा पगार गेला, कुलपं मात्र राहिली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर वीसचा फासा पडल्याचं नुसतं धरून चालायची सोय आली. घाई नसेल, धोका नसेल, तर वीसपट वेळ द्यायचा आणि वीस पडले समजायचं. सहा सेकंदांची एक फेरी, वीस फेऱ्या, म्हणजे दोन मिनिटं. दोन मिनिटं निवांत मिळाली तर कुलपाला काही अर्थच उरला नाही, हे नियमानेच कबूल केलं. मला तो नियम आवडतो. कुलूप तेव्हाच कुलूप असतं, जेव्हा ती दोन मिनिटं तुमच्याकडे नसतात.

गेल्या महिन्यात आमच्या जादूगाराने चोराला कोपराने ढकललं आणि 'नॉक' टाकला. दुसऱ्या पातळीचा मंत्र, कुलूप आपोआप उघडतं, चोर बिचारा हात चोळत बसतो. पण पाचव्या आवृत्तीत त्याची मेख आहे: दार ठोठावल्यासारखा मोठा आवाज होतो आणि तो ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. मी दोरा घेतला आणि नकाशावर मोजायला लागले. एक चौकोन ५ फुटांचा, म्हणजे ६० चौकोन. माझा कागदच ४० चौकोनांचा. दोरा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागला तसा जादूगार खुर्चीत मागे सरकला. "किती जणांनी ऐकलं?" म्हणे. मी दोरा त्याच्या चहाच्या कपापर्यंत नेला.

त्या दारामागे काय होतं विचाराल तर पिठाची पोती. एकानेही तक्रार केली नाही.

तूपभात

कॉम्प्युटरवर घड्याळ कसलं आणलंय? खरी स्केलेटन की (स्कायरिममधली कधी न मोडणारी किल्ली) म्हणजे एफ-५. सेव्ह करा, मोडला की लोड करा.

बगनाहीफीचर

चार वर्षं बाणेरला एका छोट्या टीममध्ये गेम बनवतोय (नाव सांगत नाही, गेम अजून बाहेर यायचाय, आणि तो येईल का हाही एक प्रश्नच आहे), म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्याकडे अगदी हाच वाद दीड महिना चालला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, अवघड कुलपामागे भारी तलवार ठेवू. लगेच प्रश्न आला, ज्याने योद्धा घेतलाय त्याने काय करायचं? त्याला ती तलवार कधीच मिळणार नाही, आणि तलवार तर त्यालाच हवी! बरं, मग किल्ली ठेवू, तिथल्या सरदाराच्या खिशात. की झालं, योद्धा सरदाराला मारतो आणि तेच दार उघडतो. त्याला लढाईचे गुण मिळाले ते वर. चोराने एवढे गुण कुलपात घालून काय मिळवलं, तर योद्ध्याला फुकट मिळतं तेच. म्हणून शेवटी सगळेच भित्रे होतात आणि पेटीत अशी वस्तू ठेवतात की न मिळाल्याने कुणाचं काही बिघडू नये. जी न मिळाल्याने बिघडत नाही, ती मिळाल्याने आनंद कसला व्हायचा? दिंडीदरवाजांचा खंजीर तिथून येतो.

दुसरा मार्ग म्हणजे बक्षीस मालातून काढून उघडण्याच्या कृतीत घालायचं. बाल्डर्स गेट २ मध्ये (२०००) कुलूप उघडलं की अनुभव-गुण मिळतात. ऐकायला न्याय्य वाटतं. मी खेळलो तेव्हा झालं असं की दिसेल ते दार, दिसेल ते कपाट उघडत सुटलो आणि आत काय आहे ते बघायलाही थांबेना. मीटर रीडिंग घेणारा माणूस जसा जिने चढतो, तसा.

माझं मत फासेकरीण यांच्या जवळ जातं. पहिला थीफ गेम आठवतोय का, १९९८? त्यात लेव्हल नाही, अनुभव नाही, पर्क नाहीत. दोन लॉकपिक, एक चौकोनी दाताचा आणि एक त्रिकोणी दाताचा, कुठलं कुलूप कुठल्याला दाद देईल ते लावून बघायचं. मिनीगेमसुद्धा (कुलपाचा तो वेगळा छोटा खेळ) नाही, बटण धरून उभं राहायचं आणि खट् खट् ऐकायचं. एवढ्यात फरशीवर पहारेकऱ्याचे बूट वाजतात. जवळ येतायत की लांब जातायत? सोडू की अजून दोन सेकंद धरू? त्या दोन सेकंदांत आख्खा गेम आहे. किती माल चोरायचा याची अटही काठिण्याप्रमाणे वाढत जाते, आणि मिळालेलं सोनं पुढच्या मोहिमेच्या सामानातच संपवायचं, पुढे साठवता येत नाही. श्रीमंत होऊन गेमच मोडून टाकायची सोयच ठेवली नाही. पंचवीस वर्षं झाली, यापुढे कुणी फारसं गेलेलं मला दिसत नाही.

दिंडीदरवाजा

बगनाहीफीचर, दंडवत. सरदाराच्या खिशातल्या किल्लीचा मुद्दा डोक्यात आला नव्हता.

तरी माझं घोडं पुढे दामटतो. स्कायरिममध्ये कुठल्याही लॉकपिकिंगला कुठलंही कुलूप हाताळता येतं. ३२ वर मी मास्टर उघडलं ते त्यामुळेच. मग तो आकडा नक्की कशाचा? हात माझा, कौशल्यही माझं. उलट फॉलआउट ३ मध्ये (२००८, मिनीगेम जवळपास हाच) ५० नसेल तर मधल्या दर्जाच्या कुलपाला हातच लावू देत नाहीत. ते जाचक वाटायचं, पण निदान आकड्याला किंमत होती.

आणि ती स्केलेटन की! चोरांच्या गिल्डच्या कामात मिळते, कधी मोडत नाही. देवीला परत करायची असते. ती कोण परत करतं? माझे तिन्ही जुने सेव्ह तिथेच अर्धवट लटकलेत. 'लॉकपिक कधीच मोडणार नाही' हा पर्क मिळतो १०० ला, आणि तीच सोय किल्लीच्या रूपात कितीतरी आधी खिशात. तो पर्क घेतला असेल असा माणूस मला दाखवा.

सावळागोंधळ

मी घेतलाय. कौशल्यांच्या पडद्यावरची नक्षत्रं पूर्ण दिसावीत म्हणून.

बाकी किंगडम कम डिलिव्हरन्सचं नाव अजून कसं आलं नाही? २०१८, सन १४०३ चा बोहेमिया. जादूबिदू नाही, म्हणून फँटसीत बसत नसेल तर माफ करा. रॅटे गावाच्या बाहेर पेशेक नावाचा गिरणीवाला आहे, तो कुलूप उघडायला शिकवतो. दळणाआड चालणारा धंदा वेगळाच. मिनीगेममध्ये एका हाताने कुलूप फिरवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने पळणारा बिंदू धरून ठेवायचा. कंट्रोलरवर इतकं छळायचं की पुढे सोपा पर्याय द्यावा लागला. मी तोपर्यंत उजव्या अंगठ्याला बाम लावून बसलो होतो.

तूपभात यांची एफ-५ वाली हुशारी तिथे चालत नाही. मनाला येईल तेव्हा सेव्ह करायला एक दारू प्यावी लागते, आणि ती विकत घ्यावी लागते किंवा गाळावी लागते. शिवाय लॉकपिक मोडला की आवाज होतो आणि माडीवर झोपलेला मालक उठतो.

पण खरी गंमत पेटी उघडल्यावर. चोरलेल्या वस्तूवर चोरीचा शिक्का बसतो. सरळमार्गी दुकानदार ती घेत नाही, पहाऱ्याने झडती घेतली तर पंचाईत. पुन्हा पेशेककडेच जायचं. म्हणजे पेटीत चांदीचा पेला सापडला तरी तो लगेच पैसे होत नाही, आधी जिवाला घोर होतो. माल थोडा असूनही वजनदार वाटतो तो त्यामुळे. दिंडीदरवाजा, तुमच्या खंजिरावर असा शिक्का असता तर तुम्ही तो विसरला असता का?

जुनाबाजारकर

मुलाने हा धागा वाचायला दिला. मी गेम खेळत नाही, नातवाचा ऑब्लिव्हियन (२००६ चा) शेजारी बसून पाहिलाय. पण कुलपांचा नाद चाळीस वर्षांचा आहे, म्हणून चार ओळी.

स्कायरिमचं कुलूप मुलाने दाखवलं. असं कुलूप मी पाहिलेलं नाही, जिथे एकच तार एका कोनात धरली की झालं. ऑब्लिव्हियनमधलं बरंच बरं: पाच खुंट्या, एकेक वर उडवायची आणि वर टेकली त्या क्षणी पकडायची. नातू डोळे मिटून, आवाजावर पकडतो. खऱ्या खुंट्यांच्या कुलपातही एका वेळी एकच खुंटी अडते, कारण कारखान्यात भोकं कितीही सरळ पाडली तरी केसभर फरक राहतोच. अडलेली खुंटी शोधायची, ती बसली की पुढची अडते. कुलूप उघडणारा कारागिराच्या त्या केसभर चुकीवर जगतो.

तुमच्या वादाशी संबंधित एक गोष्ट. लंडनला ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने १७९० पासून दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवलं होतं. सोबत पाटी: हे उघडणारं साधन जो बनवेल त्याला २०० गिनी. (पाट्यांची हौस फक्त आपल्या पेठांत आहे असं समजू नये.) १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्या कुलपामागे काहीही नव्हतं. दार नाही, पेटी नाही. नुसतं कुलूप.

आणि दुसरं, चब यांचं डिटेक्टर कुलूप, १८१८ चं. चुकीच्या किल्लीने किंवा तारेने आतली पट्टी जास्त उचलली गेली की ती अडकून बसायची. मग खरी किल्लीही लगेच चालत नसे, आणि मालकाला कळायचं की कोणीतरी हात लावून गेलंय. तुमच्या गेमवाल्यांनी हे का घेतलं नाही? लॉकपिक मोडतो हा चोराचा तोटा झाला. मालकाला कळतं, ही खरी भीती.

दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून एक पितळी कुलूप आणलं. रविवारी सकाळी, घासाघीस करून १५० रुपयांना. किल्ली नाही. विकणारा म्हणाला, "किल्ली असती तर पाचशे सांगितले असते." आत पट्ट्या आहेत, बहुधा सहा. सायकलचा जुना स्पोक वाकवून, घासून, रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास बसायचो. टीव्ही चालू, हात मांडीवर, लक्ष बोटांत. अडीच महिने गेले. एके दिवशी जाहिराती चालू असताना ते उघडलं. हिने विचारलं, "काय निघालं?" काय निघणार! कुलूपच होतं ते.

दाबलं की बंद होणारं आहे. सध्या गॅलरीत सायकलला लावलंय. किल्ली अजून नाही, त्यामुळे सायकल काढायची म्हणजे पंधरा मिनिटं आधी तयारी करावी लागते.

(आपलं स्वतःचं कुलूप असेल तरच हे उद्योग करावेत. सांगायला नको, पण सांगतो.)

तूपभात

काका, मी आजपासून तुमचा शिष्य. आकडेमोड मागे घेतो.

दिंडीदरवाजा

काका, नमस्कार. दोनदा वाचलं.

थोडी शरणागती. शब्द पाळायचा तर आत सोनंच हवं असं नाही, हे मान्य. पिठाची पोती चालली, कारण त्या दाराची भीती खरी होती. थडग्यात माझ्यामागे कोणीच नव्हतं. ड्रॉगर आपापल्या कोनाड्यात झोपलेले, मी बारा काय बारा हजार लॉकपिक वापरले असते तरी एकाने कूस बदलली नसती. धोका नाही, कष्ट मात्र भरपूर, आणि मग उरतो तो फक्त माल. म्हणून सगळा राग मालावर निघाला.

तरीही! धोकाही नाही आणि मालही नाही, अशी मास्टर पेटी ठेवणाऱ्याला माफी नाही. एवढ्यावर ठाम आहे.

बगनाहीफीचर

डिटेक्टर कुलूप उद्याच टीममध्ये मांडतो. तीनदा चुकलं की कुलूप जाम, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात पहारा दुप्पट. लोड केल्याने सुटू नये म्हणून काय करायचं ते बघावं लागेल. श्रेय 'पुण्यातले एक काका' असं देऊ का?

जुनाबाजारकर

श्रेय चब यांना द्या.

फासेकरीण

बगनाहीफीचर, तुम्ही मांडेपर्यंत मी वापरूनही झालं.

काल डिटेक्टर कुलूप टेबलावर आणलं. सरदाराच्या खोलीत लोखंडी पेटी. आमच्या चोराने फासा टाकला, पडले तीन. मी म्हटलं, आत काहीतरी खट्ट करून अडकलं, आता खरी किल्ली आणली तरी उघडणार नाही, आणि सरदार परत आला की त्याला कळणार. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. जादूगाराने 'नॉक'चा विषय काढला, तसा मी फक्त दोरा हातात घेतला. तो गप्प बसला.

मग त्यांनी ठरवलं की पेटीच उचलून न्यायची. दोघांनी धरली, जिन्यावरून उतरताना एकदा पडली, अंगणात कुत्रा मागे लागला, नदीत होडी जवळजवळ उलटली. तीन तास! भूक लागली म्हणून थांबलो, तेव्हा ते जंगलात पेटीवर बसले होते आणि पेटी बंद ती बंदच. रात्रीपासून ग्रुपवर नुसत्या पैजा चालल्यात. एकाला मुकुट वाटतोय, एकाला राजघराण्याची कागदपत्रं.

सावळागोंधळ

वा! आणि आत आहे काय?

फासेकरीण

ते अजून ठरवलेलं नाही. रविवारपर्यंत सुचेल काहीतरी.

दिंडीदरवाजा

घ्या! म्हणजे कुलूप आधी आणि माल मागाहून. लोखंडी खंजीर हवा असेल तर माझ्याकडे आहे, पाठवून देतो.